किरमानचा बाजार आणि भोवतीची गावे : पाणी कोणाचे, माग कोणाचा?

फारसीत एक म्हण आहे : 'जीरा ब किरमान बुर्दन', म्हणजे किरमानला जिरे घेऊन जाणे. उर्दूत 'उलटे बांस बरेली को' म्हणतात, त्याच अर्थाची ही म्हण. जेथे माल पिकतो तेथेच तो विकायला नेणाऱ्याची थट्टा. किरमानचे जिरे इतके नावाजलेले की इराणी माणसाला उलट्या व्यापाराचे उदाहरण देताना हेच शहर आठवले. पण आम्ही कापडवाले. आम्हाला किरमान आठवते ते जिऱ्यापेक्षा शालीसाठी आणि गालिच्यासाठी.

नकाशावर या शहराचे नाव केरमान असेही लिहिलेले असते. इराणच्या आग्नेय भागातील याच नावाच्या प्रांताची ही राजधानी. २०१६ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाख सदतीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे मुंबईच्या मानाने लहान, पण आसपासच्या शेकडो खेड्यांसाठी आजही 'शहर' म्हणजे किरमानच. एखादे बाजाराचे शहर कसे उभे राहते, भोवतीची गावे त्याला काय देतात, त्याच्याकडून काय घेतात आणि या देवघेवीत तराजू कोणाच्या हातात राहतो, हे समजून घ्यायला किरमानसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. व्यापारी आणि कारागीर बंधूंनी हा हिशोब एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पाऊस नाही, तरी शहर कसे?

किरमान समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेदोन हजार मीटर उंचीवर आहे. पूर्वेला लूतचे भयाण वाळवंट. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम सहा इंच. आपल्याकडे ज्या तालुक्यांना आपण कायमचे दुष्काळी म्हणतो, तेथेही याच्या तिप्पट पाऊस पडतो. एवढ्या पावसावर गहू उगवत नाही, मग शहर कसे उगवले?

याचे उत्तर दक्षिणेच्या डोंगरांत आहे. जूपारची रांग आणि तिच्यापलीकडचा 'कूहे हजार' हा सुमारे साडेचार हजार मीटर उंचीचा पर्वत. हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो, ते वितळून डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरते. हे मुरलेले पाणी इराणी माणसाने कनातीने बाहेर काढले. कनात म्हणजे जमिनीखालून खणलेला बोगदा. डोंगराच्या उतारावर आधी एक खोल विहीर खणतात, तिला 'मादर-चाह' म्हणजे आईविहीर म्हणतात. तिच्या तळाशी पाणी लागले की तेथून गावाच्या दिशेने अगदी मंद उताराचा बोगदा काढतात. वाटेत ठराविक अंतरावर उभे आड खणतात, त्यांतून माती वर काढता येते आणि आत हवा जाते. बोगदा अखेर जमिनीच्या पातळीला येऊन मिळतो आणि पाणी आपल्या वजनाने बाहेर पडते. ना मोट, ना रहाट, ना पंप. उन्हात पाणी उडून जात नाही, ते वेगळेच. किरमानच्या परिसरातील काही कनाती वीस-पंचवीस किलोमीटर लांबीच्या आहेत.

हे काम करणारा कारागीर म्हणजे मुकन्नी. दिव्याच्या उजेडात, अंगावर माती कोसळण्याची भीती घेऊन, डोळ्यांच्या अंदाजाने उतार सांभाळणारा हा माणूस. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खाऊन टाकते, कमी झाला तर गाळ साचतो. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणच्या अकरा कनातींना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत किरमानजवळच्या जूपार गावची 'गौहररीझ' कनात आहे. खणणाऱ्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. कारागिराच्या नशिबी बहुधा असेच असते.

पाणी वर, श्रीमंती वर

कनात खणायला वर्षे लागतात आणि पैसा लागतो. पाणी लागेपर्यंत उत्पन्न शून्य. एकट्या शेतकऱ्याला हे परवडणारे नव्हते. म्हणून पैसा आला शहरातून : जमीनदार, अंमलदार, व्यापारी, आणि पुष्कळ ठिकाणी वक्फ. ज्याचा पैसा त्याचे पाणी. पाण्याचे हिस्से पडले, ते हिस्से विकले गेले, वारसांत वाटले गेले, वक्फ केले गेले. इराणच्या कोरड्या भागात जमिनीला वेगळी किंमत फारशी नसते, किंमत असते पाण्याच्या पाळीला. कोणाला किती वेळ पाणी मिळाले हे मोजायला घड्याळ नव्हते तेव्हा तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या भांड्यात सोडत. ती भरून बुडाली की एक माप झाले. हा हिशोब ठेवणाऱ्याला मीराब म्हणत, आणि त्याचा शब्द गावात प्रमाण मानला जाई.

गावांची मांडणीही पाण्याने ठरली. माहान, जूपार ही मोठी, हिरवी गावे डोंगराच्या पायथ्याशी. तेथे पाणी गोड आणि भरपूर. जसजसे खाली मैदानाकडे जावे तसतशी गावे लहान, पाणी कमी आणि खारे. एका गावातही तोच कायदा. कनातीचे तोंड जेथे उघडते तेथे बड्यांचे वाडे आणि बागा. तेच पाणी त्यांची भांडी, त्यांचे कपडे, त्यांची झाडे करून खाली गरिबाच्या दारात येते. १९६० च्या दशकात पॉल वॉर्ड इंग्लिश नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने किरमानच्या या खोऱ्याचा बारकाईने अभ्यास करून १९६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने दाखवून दिले की ही खेडी स्वतंत्र, आपापल्यापुरती जगणारी नव्हतीच. जमीन, पाणी, जनावरे आणि माग या चारही दोऱ्यांनी ती शहराला बांधलेली होती.

पिकाची वाटणी पाहा. जुन्या इराणी रिवाजात पिकाचे पाच भागीदार धरले जात : जमीन, पाणी, बी, बैल आणि मेहनत. ज्याने जे पुरवले त्याला त्याचा वाटा. वरवर पाहता हा न्याय वाटतो. पण किरमानच्या बाजूला जमीन आणि पाणी दोन्ही बहुधा शहरातील मालकाचे, आणि कोरड्या मुलखात पाण्याचा वाटा भारी. बी आणि बैलही मालकाने दिले तर शेतकऱ्याच्या हाती फक्त मेहनतीचा हिस्सा उरे. मग हिवाळ्यात धान्य संपले की बाजारातल्या दुकानदाराकडून उचल. त्या उचलीपोटी उभे पीक आधीच विकलेले. याला तिकडे 'सलफ' म्हणतात. आगाऊ पैसे देऊन पुढे येणारा माल घेणे हा सौदा मुळात शेतकऱ्याच्या सोयीचा आहे. भाव, वजन, प्रत आणि मुदत ठरवून पूर्ण पैसे आधी दिले तर त्यात दोघांचेही भले होते. पण ज्याच्या घरात पीठ नाही तो भाव ठरवायला बसतो तेव्हा तो भाव त्याचा नसतो.

जनावरांचेही तसेच. डोंगरात शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या धनगराच्या कळपात पुष्कळ जनावरे शहरातील लोकांच्या मालकीची असत. चराईचा करार ठरे आणि मालकाला वर्षाला ठरलेले तूप आणि लोकर घरपोच मिळे. ही लोकर पुढे कोठे जाई, ते आता सांगतो.

बाजार : एकाच छपराखाली सारे

किरमानचा जुना बाजार एक किलोमीटरहून लांब, विटांच्या घुमटांनी झाकलेला आहे. उन्हाळ्यात आत शिरले की बाहेरच्या भट्टीतून थंड तळघरात आल्यासारखे वाटावे, अशी त्याची बांधणी. हा एका दिवसात झाला नाही. शाह अब्बासच्या काळात गंजअली खान १५९६ ते १६२१ या काळात येथे सुभेदार होता. त्याने मोठे मैदान आखले आणि त्याच्या चहूबाजूंना कारवान-सराय, मदरसा, हमाम, पाण्याची टाकी, टांकसाळ, लहानशी मशीद आणि बाजाराची रांग बांधली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार इब्राहिम खानाने मदरसा, हमाम आणि बाजार असा आणखी एक संच बांधला. १८६० च्या दशकात वकील-उल-मुल्क या सुभेदाराने 'वकील बाजार' जोडला.

यात व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आहे. हे बांधकाम करणारे नुसती दुकाने बांधत नव्हते. परगावचा व्यापारी आला तर त्याला उतरायला सराय, माल ठेवायला वखार, अंघोळीला हमाम, नमाजला मशीद, नाणे बदलायला टांकसाळ, सगळे पावलावर. दुकानांच्या आणि हमामांच्या उत्पन्नातून मदरसे-मशिदींचा खर्च चालवायचा, ही वक्फची रीत त्या काळी सर्वत्र होती. तांबटांचा बाजार वेगळा, सोनारांचा वेगळा, कापडवाल्यांचा वेगळा. एका धंद्याचे लोक एका रांगेत बसले की गिऱ्हाईकाला भाव कळतो आणि खोट्या मालाची बातमी संध्याकाळच्या आत रांगभर पसरते.

या बाजारात हिंदुस्तानचे व्यापारीही होते. सिंधमधील शिकारपूरकडचे हिंदू सावकार येथे धंदा करीत. बंदर अब्बासवरून उंटांच्या कारवानात हिंदुस्तानी नीळ किरमानच्या रंगाऱ्यांकडे जाई. दख्खनशीही किरमानचे जुने नाते आहे. माहानला शाह नेमतुल्लाह वली या सूफी बुजुर्गांचा दर्गा आहे. त्यांचे निधन १४३१ मध्ये झाले. त्यांच्या कबरीवरील पहिली इमारत बिदरच्या अहमदशाह बहमनीने १४३६ च्या सुमारास बांधवली. बुजुर्गांचे फर्जंद खलीलुल्लाह दख्खनला आले, आणि बिदरला त्यांची चौखंडी आजही उभी आहे. पुढे किरमानचा एकेकाळचा सुभेदार हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, इराणच्या दरबाराशी बिनसल्यावर १८४० च्या दशकात मुंबईला आले. किरमान आणि यझद भागातून आलेल्या जरथुष्ट्री लोकांनी मुंबई-पुण्यात चहाची दुकाने काढली, त्यांना आपण 'इराणी' म्हणून ओळखतो.

शालीकडून गालिच्याकडे

आता आमच्या धंद्याची गोष्ट. किरमानच्या शेळ्यांच्या केसांखालची मऊ लव, तिला 'कुर्क' म्हणतात, तिच्यापासून येथे शाली विणल्या जात. काश्मीरच्या शालीनंतर नाव घ्यायचे ते किरमानचे. मार्को पोलो तेराव्या शतकात येथून गेला, त्याने येथल्या स्त्रियांच्या भरतकामाची तारीफ लिहून ठेवली आहे. ते भरतकाम आजही 'पते' नावाने जिवंत आहे : जाड लोकरी कापडावर रंगीत लोकरीच्या धाग्याने भरलेले सरू आणि कोयरीचे नक्षे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शालीचा बाजार बसला. युरोपात यंत्राच्या शाली निघाल्या, मग फॅशनच बदलली, आणि शाल वापरणेच बंद झाले. शालीचे माग रिकामे पडले. त्याच सुमारास तब्रीझचे व्यापारी गालिचे धुंडत किरमानला आले. पश्चिमेच्या बाजारात इराणी गालिच्याला मागणी वाढत होती. किरमानने काय केले? शालीचा नक्षीकार गालिच्याचे नक्षे काढू लागला, शालीचा रंगारी गालिच्याची लोकर रंगवू लागला, शालीचा विणकर गालिच्याच्या मागावर बसला. ज्यांच्या हातात बारीक कामाची सवय होती, त्यांनी गालिच्यात अशी फुले आणि असे मुलायम रंग आणले की किरमानचा माल थोड्याच वर्षांत वेगळा ओळखू येऊ लागला. बाण्याच्या तीन दोऱ्या घालायची त्यांची रीत गालिच्याला घट्टपणा देई. कच्च्या विलायती रंगांचा सुळसुळाट झाला तेव्हाही किरमानच्या रंगाऱ्यांनी बराच काळ नीळ आणि किरमिजदाणा सोडला नाही. हुनर एका मालातून दुसऱ्या मालात नेता येते, हा किरमानचा पहिला धडा.

उचल, उस्ताद आणि विणकर

पण हा धंदा चाले कसा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड, इटली, अमेरिकेच्या पेढ्यांनी किरमानमध्ये कचेऱ्या उघडल्या. पेढी किंवा शहरातील व्यापारी नक्षा देई, रंगवलेली लोकर देई, ताण्याचे सूत देई आणि उस्तादाला उचल देई. उस्ताद मागांची जोडणी करून मजूर बसवी. शहरात माग कमी पडू लागले तसे काम माहान, जूपार, रावर अशा गावांत गेले. घराघरांत माग लागले. लोकर डोंगरातल्या धनगराची, पण ती विणकराकडे थेट येत नसे. आधी शहरात जाई, तेथे कातली-रंगवली जाई, आणि नक्ष्यासह पुन्हा गावात येई. गावाची लोकर गावात परत यायला शहराची परवानगी लागे, असे म्हटले तरी चालेल.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना यात काही नवे वाटणार नाही. आपल्याकडेही व्यापारी सूत देतो, साचेवाला मजुरीवर कापड विणून देतो. कापड कोठे विकले गेले, काय भावाने गेले, हे साचेवाल्याला कळत नाही. किरमानमध्येही तसेच. विणकराला ठाऊक असे एका गिरहमध्ये (सुमारे सात सेंटीमीटर) किती गाठी मारायच्या तेवढे. गालिचा पुढे न्यूयॉर्कला कोणत्या दिवाणखान्यात पसरला जाणार, हे ठाऊक असे फक्त पेढीला. ज्याला गिऱ्हाईक ठाऊक, मुनाफा त्याचा.

उचलीबद्दल दोन शब्द. उचल मुळात वाईट नाही. एक मोठा गालिचा विणायला महिनोन्‌महिने लागतात. तोवर विणकराची चूल पेटली पाहिजे. पण उचल फिटण्याआधी नवी उचल, आणि जुनी बाकी असेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याचे काम घ्यायचे नाही, असे झाले की उचल ही मदत राहत नाही, दोरखंड होते.

या दोरखंडाची सर्वात मोठी किंमत मुलांनी दिली. बारीक गाठींना लहान बोटे बरी म्हणून लहान मुलामुलींना अंधाऱ्या, दमट खोल्यांत मागावर बसवले जाई. फळीवर पाय मुडपून वर्षानुवर्षे बसल्याने त्यांची हाडे वाकत. मुली मोठ्या होऊन आई होत तेव्हा बाळंतपणात जीव जाई. मिशनच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवले, बाहेर ओरड झाली, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने इराण सरकारकडे विचारणा केली. १९२३ च्या डिसेंबरात किरमानच्या सुभेदाराने हुकूम काढला : कामाचा दिवस आठ तासांचा, आणि आठ वर्षांखालचा मुलगा व दहा वर्षांखालची मुलगी मागावर बसवायची नाही. हुकूम कागदावर चांगला होता, पण गावागावातल्या घरच्या मागावर कोण पाहायला जाणार? ज्या मालाची तारीफ करतो त्याच्या गाठीत काय बांधले गेले आहे, हेही व्यापाऱ्याने जाणले पाहिजे. म्हणून ही गोष्ट आम्ही येथे वगळली नाही.

एकच गिऱ्हाईक

१९२० च्या दशकात किरमानचा माल मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जाई. रंग अमेरिकेच्या आवडीचे, मापे अमेरिकेच्या खोल्यांची. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. अमेरिकन पेढ्यांनी हात आखडले, एकामागून एक कचेऱ्या बंद झाल्या. वाळवंटाच्या काठावरच्या माहान गावातल्या विणकराला न्यूयॉर्कच्या शेअरशी काय देणेघेणे? पण काम त्याचे गेले. १९३० च्या दशकात इराण सरकारने सरकारी गालिचा कंपनी काढून धंद्याला थोडा आधार दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची मागणी परतली. आता जाड लव, मोकळे मैदान आणि फिक्या रंगांचा 'अमेरिकन किरमान' निघाला. मागणी धावू लागली की प्रत घसरते. ताण्याच्या दोन सुतांऐवजी चार सुतांवर एक गाठ मारायची 'जुफ्ती' नावाची चोरी इराणच्या अनेक केंद्रांप्रमाणे येथेही शिरली. वेळ निम्मा लागतो, गालिचा दिसायला तोच दिसतो, पण काही वर्षांत लव झिजून ताणा उघडा पडतो. नाव शंभर वर्षांत कमावले जाते आणि अशा गाठींनी दहा वर्षांत उसवले जाते.

पंप आला, पिस्ता आला

१९५० नंतर खोल विहिरी आणि मोटारपंप आले. १९६२ मध्ये इराणमध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कुळांना वाटायच्या होत्या, पण बागाईत आणि यंत्राने कसलेल्या जमिनींना सूट होती. पैसेवाल्यांनी इशारा ओळखला. पंप बसवून बागा लावल्या. किरमानच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर रफसंजान आहे. तेथे पिस्त्याच्या बागा मैलोन्‌मैल पसरल्या. पिस्त्याचे झाड खारे पाणी सोसते, माल टिकाऊ, भाव चांगला. रफसंजान पिस्त्याची राजधानी झाले.

पण कनात आणि पंप यांत एक मोठा फरक आहे. कनात डोंगर जेवढे देईल तेवढेच देते. पाऊस कमी झाला तर ती बारीक होते, तिला ओरबाडता येत नाही. पंप मात्र मागाल तेवढे देतो, संपेपर्यंत देतो. पाण्याची पातळी खाली गेली आणि शेजारच्या कनाती कोरड्या पडल्या. ज्याच्याकडे खोल विहिरीचा पैसा होता तो अधिक खोल गेला, ज्याच्याकडे नव्हता त्याच्या वाट्याची वाटी कोरडीच बुडाली. आज रफसंजानच्या मैदानात काही ठिकाणी जमीन वर्षाला वीस सेंटीमीटरहून जास्त खचते आहे, आणि पाणी खारट होऊन पुष्कळ बागा वाळल्या आहेत. पूर्वजांनी मुद्दल शाबूत ठेवून नफ्यावर घर चालवले. पंपाने मुद्दलच खाल्ले. हा हिशोब दुकानदाराला समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक चटका लावणारी. १९२९-३० मध्ये विल्यम व्हाइटहाऊस नावाचा अमेरिकन कृषितज्ज्ञ इराणमधून पिस्त्याच्या बिया घेऊन गेला. रफसंजानकडच्या बियांतून तयार झालेली एक जात कॅलिफोर्नियात उत्तम जमली. तिचे नावच 'केरमान' ठेवले. १९८६ मध्ये अमेरिकेने इराणच्या कच्च्या पिस्त्यावर दोनशे चाळीस टक्क्यांहून जास्त जकात बसवली. १९९७ मध्ये बुरशीच्या विषाचे कारण देऊन युरोपीय संघाने इराणी पिस्त्याची आयात काही महिने बंद केली. तोपर्यंत कॅलिफोर्नियाच्या बागा फळांनी लगडल्या होत्या. आता अमेरिका जगात पिस्त्यात इराणच्या पुढे आहे. किरमानचेच बी, किरमानचेच नाव, आणि बाजार मात्र दुसऱ्याचा. जिऱ्याच्या म्हणीला आता पिस्त्याची जोड द्यायला हरकत नाही.

गालिच्याचेही तसेच झाले. १९९० च्या दशकाच्या मध्याला इराणची हातमागाच्या गालिच्यांची निर्यात वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. अमेरिकेने २००० मध्ये गालिचे-पिस्त्यावरील बंदी उठवली, २०१० मध्ये पुन्हा लादली, २०१६ मध्ये पुन्हा उठवली आणि २०१८ मध्ये पुन्हा लादली. त्यात इराण सरकारने निर्यातीचे परकी चलन देशात आणून जमा करण्याची कडक अट घातली, तीही छोट्या व्यापाऱ्याला जाचक झाली. निर्यात अलीकडच्या वर्षांत पाच कोटी डॉलरच्या खाली आली. विणकराने याबाबतीत काही गुन्हा केला नव्हता. पण माग त्याचाच थांबला.

आपण काय घ्यावे?

किरमानची ही हकिगत वाचून कोणी म्हणेल, व्यापारी वाईट आणि शेतकरी-कारागीर बिचारा. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, आम्हाला ते मान्य नाही. शहराचा पैसा नसता तर कनात खणली गेली नसती, शहराचा नक्षीकार नसता तर माहानच्या विणकराला काम नसते. बाजार आणि गाव एकमेकांशिवाय जगत नाहीत. प्रश्न एवढाच की दोरीची दोन्ही टोके एकाच हातात असावीत का.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कारागिराने आपल्या मालाचे शेवटचे गिऱ्हाईक कोण, हे शोधून काढावे. थेट विकता आले नाही तरी निदान भाव ठाऊक असावा. दुसरी, सारा माल एका गिऱ्हाइकाच्या किंवा एका देशाच्या भरवशावर ठेवू नये. शाल बसली तेव्हा किरमानकडे हुनर होते म्हणून ते गालिच्याकडे वळू शकले. पण अमेरिका बसली तेव्हा वळायला जागा नव्हती. तिसरी, जो व्यापारी उचल देतो त्याने हिशोबाची चोपडी दोन प्रतींत ठेवावी, एक कारागिराच्या घरी. बाकी किती, मजुरी किती, फिटेल कधी, हे दोघांना सारखे दिसले पाहिजे. मीराबाची वाटी सगळ्यांसमोर बुडत असे, म्हणूनच तिच्यावर गावाचा भरवसा होता.